नमुना कुणाचा, मजुरी कुणाची?

आजचं बोलणं शिवणकाम करणाऱ्या गटांसाठी आहे. पण ज्या जणी गोधड्या शिवतात, टोपल्या विणतात, पापड-मसाल्याची पाकिटं भरतात, त्यांनीही थोडा वेळ काढून ऐकावं. गोष्ट सगळ्यांच्याच कामाची आहे.

आम्ही गटांमध्ये जाऊन बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. ही पिशवी तुम्ही शिवलीत, पण तिची उंची किती ठेवायची, बंद किती लांब घ्यायचे, आत कप्पा द्यायचा की नाही, हे कुणी ठरवलं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं. "नमुना व्यापाऱ्यानं दिला, आम्ही तसंच शिवलं." मग आम्ही पुढचं विचारतो. एका पिशवीमागे तुमच्या हातात किती आले, आणि दुकानात ती कितीला विकली गेली? इथे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी आकडा सांगते आणि बाकीच्या एकमेकींकडे बघतात.

मधल्या पैशांत कापड आहे, वाहतूक आहे, दुकानाचं भाडं आहे, न खपलेल्या मालाचं नुकसान आहे. व्यापारी सगळं फुकटच कमावतो असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यात एक वाटा ठरवण्याचा असतो. वस्तू कशी असावी हे ज्यानं ठरवलं, त्याचा. या ठरवण्यालाच डिझाइन म्हणतात. आपल्याकडे डिझाइन म्हटलं की पदरावरची नक्षी किंवा ब्लाऊजच्या पाठीचा गळा डोळ्यांपुढे येतो. तेही डिझाइनच, पण तेवढंच नाही. बंद चार बोटं लांब ठेवला म्हणून पिशवी खांद्यावर अडकवता आली, हे मोठं डिझाइन आहे, आणि ते ठरवायला शहरातच जन्माला यावं लागतं असं काही नाही.

या कामात ज्यांची उभी हयात गेली, ती माणसं काय करत आली, कशाला जपत आली, त्यातलं आपल्याला काय घेता येईल, ते आज बघू.

एक जुनी हकीकत आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं नवरा-बायकोचं जोडपं, दोघंही नावाजलेले डिझायनर. भारत सरकारनं त्यांना बोलावलं. इथल्या लहान उद्योगांत तयार होणाऱ्या वस्तू चांगल्या व्हाव्यात म्हणून काय करता येईल, हे त्यांना विचारलं होतं. देशभर हिंडून त्यांनी 1958 साली एक अहवाल दिला. पुढे 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली, तिच्यामागे हा अहवाल होता. तर इतकं सगळं पाहून या दोघांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? आपला साधा लोटा. त्याचा आकार कुणा एका माणसानं कागदावर काढला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातांनी तो घडत गेला. आणि असाच लोटा आज नव्यानं करायचा म्हटलं तर काय काय विचारावं लागेल, याची एक लांबलचक यादीच त्यांनी दिली. पाणी किती मावावं? तो हातानं उचलणार, कमरेवर घेणार की डोक्यावर? भरलेला असताना तोल कुठे जातो, रिकामा असताना कुठे? धार कशी पडते? आतून घासायला हात जातो का? आत गरम काही असेल तर हाताला चटका बसतो का? किंमत किती? आणि निकामी झाल्यावर मोडीत किती येतील?

बघा, यातला एकही प्रश्न आपल्याला परका नाही. हंडा घेताना आपल्या आया-आज्या हेच बघायच्या. काठ बोटांना कापतो का, कमरेवर बसतो का. फक्त हे प्रश्न आपण विकत घेताना विचारतो, विकायची वस्तू करताना विचारत नाही. अनुभवी डिझायनर ते करण्याआधी विचारतो, एवढाच फरक.

समजा, बाजाराच्या दिवशी बाईला लागणारी पिशवी करायची आहे. ती एसटीनं जाते की चालत? एका हातात लेकरू असतं का? पालेभाजीचं पाणी झिरपलं तर खालचं कापड किती दिवस टिकेल? मोबाइल आणि पैशांचं पाकीट गर्दीत वरच्यावर कुणी काढून घेऊ नये म्हणून कप्पा आतल्या बाजूला, अंगाकडे यायला हवा. घरी आल्यावर पिशवी खुंटीला अडकवणार की घडी करून ठेवणार? हे सगळं शहरातल्या कुठल्याही डिझायनरपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. ही माहिती म्हणजेच भांडवल. बँकेत न जाता मिळालेलं.

कारागिराच्या या जाणतेपणानं केवढं काम होऊ शकतं, याचं एक उदाहरण जयपूरचं आहे. पाय गमावलेल्या माणसांसाठी पूर्वी जो नकली पाय मिळायचा, तो बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशातला. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात जातो, चिखलात उतरतो. त्याला तो पाय घेऊन करायचं काय? जयपूरमध्ये 1960 च्या दशकाच्या शेवटी रामचंद्र शर्मा या कारागिरानं डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासोबत रबराचा नवा पाय घडवला. तो वाकतो, ओला झाला तरी चालतो, दिसायला पायासारखा दिसतो आणि स्वस्त पडतो. शर्मा फारसे शिकलेले नव्हते. सायकलचं चाक पंक्चर झालं म्हणून ते दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या टायरवर रबर चढवताना पाहिलं आणि त्यांना ही युक्ती सुचली, असं सांगतात. हा 'जयपूर फूट' पुढे देशोदेशी गेला. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि डॉक्टरांचं काम होतंच तसं मोठं. पण शर्मांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? ही गोष्ट मनात ठेवा, नावाबद्दल आपण पुन्हा बोलणार आहोत.

आता आपल्याच मुलखातली एक बाई. भानू अथैया. माहेरचं नाव राजोपाध्ये, जन्म 1929 चा, कोल्हापूरचा. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या. मग बायकांच्या मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढायला लागल्या. त्यातून प्रत्यक्ष कपडे बेतण्याचं काम आलं आणि तिथून सिनेमात गेल्या. 1956 च्या 'सीआयडी'पासून 2001 च्या 'लगान'पर्यंत आणि त्यानंतरही त्यांचं काम चालू होतं. शंभराहून जास्त चित्रपट. 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. हा पुरस्कार मिळालेली भारतातली पहिली व्यक्ती म्हणजे ही कोल्हापूरची बाई.

ऑस्करचं कौतुक सगळे करतात. आम्हाला त्यांच्या कामाची पद्धत जास्त मोलाची वाटते. 'आम्रपाली' हा जुन्या वैशाली नगरीतल्या नर्तकीचा चित्रपट. त्या काळचे कपडे कुणी पाहिलेत? अथैयांनी आधार घेतला तो अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांचा. नेसण कशी, दागिना कुठे येतो, केस कसे बांधलेत, ते बघून त्यांनी कपडे बेतले. आणि 'गांधी'मध्ये काय करायचं होतं ते लक्षात घ्या. 1893 साली दक्षिण आफ्रिकेत कोट-पाटलोण घातलेला तरुण वकील, 1915 मध्ये परत आल्यावर काठियावाडी पगडीतला माणूस, आणि 1921 नंतर नुसता पंचा नेसणारा म्हातारा होत गेलेला महात्मा. पंचावन्न वर्षांचा प्रवास, माणूस एकच. कपडा बघून प्रेक्षकाला कळलं पाहिजे की आता कोणता काळ चालू आहे आणि या माणसाच्या मनात काय बदललं आहे. शिवाय कस्तुरबा, नेहरू, इंग्रज अधिकारी, आणि गर्दीतली हजारो माणसं. गर्दीतल्या शेतकऱ्याचं धोतर कोरं करकरीत दिसून चालत नाही. अशा कामात नवे कपडे धुऊन, घासून, रंग उतरवून जुने करावे लागतात. आपण नव्याचं कौतुक करतो, तिथे जुनं दिसण्यासाठी मेहनत घेतात!

यात आपल्या कामाचं काय? ज्याच्यासाठी शिवायचं त्याचं आयुष्य आधी समजून घ्यायचं, मगच कात्री हातात धरायची. कोल्हापुरातल्या वकिलीणबाईंचा ब्लाऊज असो की ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा. ऊसतोडीला जाणारीचा हात दिवसभर वर-खाली होतो. तिचा मुंढा घट्ट बसवून दिसायला कितीही सुबक केला, तरी आठ दिवसांत काखेत उसवणार. ती पुन्हा तुमच्याकडे येणार नाही, आणि का येत नाही ते सांगणारही नाही.

म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणं हा या धंद्यातला निम्मा भाग आहे. बाई कापड घेऊन येते आणि म्हणते, "ताई, मागच्यासारखंच शिवा." जाणती शिवणारी तेवढ्यावर टेप काढत नाही.

"वहिनी, मागचा कुठे त्रास देतो का?"

"नाही हो, छान आहे. फक्त हात वर केला की ओढतो जरा."

"आणि हा रोजचा की लग्नाचा?"

"भाचीच्या हळदीला घालायचाय."

झालं. दोन प्रश्नांत कळलं की मुंढा सैल हवा, आणि हळदीचा असल्यामुळे डाग पडणार, म्हणजे अस्तर रंग न जाणारं हवं. "कापड पाण्यातून काढलंत का?" हा तिसरा प्रश्न. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. गिऱ्हाईक दोष शिलाईला देतं.

मुरलेले डिझायनर एका सवयीला फार जपतात, ती म्हणजे स्वस्त कापडावर आधी कच्चा नमुना. आपल्याकडे त्यासाठी मांजरपाट आहे, नाहीतर जुनी चादर. महागाच्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटावर बेतायचं, कच्चे टाके घालायचे, अंगावर चढवून बघायचं. पिशवी असेल तर त्यात पाच किलो धान्य भरून दोन दिवस वापरायची. बंद कुठे ओढतो, शिवण कुठे फाकते ते दिसतं. मग सुधारायचं आणि पुन्हा करायचं. दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्याला वस्तू जमते. पहिल्याच फटक्यात जमली पाहिजे असा हट्ट नवशिक्या मुलींचा असतो, जुन्या बाया तो धरत नाहीत. आणि माया ठेवायला विसरू नका, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. वाढत्या अंगाच्या मुलीच्या ड्रेसला दोन्ही बाजूंनी बोटभर माया ठेवलीत, तर तिची आई पुढच्या वर्षी उसवून सैल करायला तुमच्याकडेच येते.

जमलेल्या नमुन्याचा पुठ्ठ्याचा फर्मा कापून त्यावर नाव, माप, तारीख लिहून ठेवा. जमलं तर वहीत वस्तूचा फोटो चिकटवा. भानू अथैयांनी आयुष्यभराची रेखाटनं आणि आठवणी एकत्र करून 2010 मध्ये पुस्तक काढलं. ऑस्करची बाहुलीसुद्धा नीट जपली जावी म्हणून 2012 मध्ये त्यांनी ती अमेरिकेतल्या त्या संस्थेकडेच ठेवायला दिली. आपल्याकडे मात्र दहा वर्षं शिवणारीकडे स्वतःच्या कामाचा एकही फोटो नसतो. मोठी ऑर्डर देणारा विचारतो, "आधी काय काय केलंय?" तेव्हा सांगायला पुष्कळ असतं, दाखवायला काही नसतं.

आता पैशांचं. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घालून बघा.

एका पिशवीला कापड 45 रुपये, अस्तर 15, चेन आणि दोरा 12, वीज आणि मशीनची झीज 5. झाले 77. शिवायला दोन तास, तासाला 50 धरले तर 100. हे 177 झाले. इथपर्यंत बरेच गट येतात. पण नमुना करायला जे सहा तास गेले, त्यांचे 300, आणि दोन नमुन्यांचं सामान 150, असे 450 कुणी धरतच नाही. तीस पिशव्यांची ऑर्डर असेल तर हे 450 तीस पिशव्यांवर वाटले की दर पिशवीला 15 येतात. आता 192. त्यावर गटाच्या खात्यात टाकायला 20. दर झाला 212.

व्यापारी म्हणतो, "दीडशेला द्या, पुढे मोठी ऑर्डर देतो." दीडशेतून सामानाचे 77 गेले की 73 उरतात. त्यातच दोन तासांची शिलाई, त्यातच नमुन्याचे दिवस, त्यातच गट. तासाला 37 रुपयेसुद्धा पडत नाहीत. पन्नासचा तास आपण सदतीसच्याही खाली विकला, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही. मोठी ऑर्डर आली तर तोटाही मोठाच होणार. अशा वेळी दर पाडण्याऐवजी वस्तू बदलता येते. अस्तर काढा, चेनऐवजी बटण लावा, दीड तासात होईल अशी करा आणि मग दर सांगा. आणि तरीही जमत नसेल तर नाही म्हणा. नाही म्हणणं आपल्या बायकांना जड जातं, त्यातून समोरचा ओळखीचा असला तर जास्तच. पण गटातल्या दोघींनी मिळून बोलायला गेलं की सोपं होतं. एकटी बाई लवकर नमते.

ऑर्डर घेताना चार ओळी लिहून घ्यायच्या. किती नग, कोणतं माप, कधी द्यायचं, कितीला. मंजूर नमुन्यावर दोघांच्या सह्या, आणि तो नमुना आपल्याकडे. अर्धे पैसे आधी घ्या, निदान कापडापुरते तरी. शिवून झाल्यावर "बंद जरा बारीक करा" असं सांगणं आलं, तर त्याचे पैसे वेगळे, हेही त्याच कागदावर. यानं माणसं तुटतात असं पुष्कळ जणी म्हणतात. आमचं निरीक्षण उलट आहे. तोंडी व्यवहारातच जास्त माणसं तुटलेली आम्ही पाहिली आहेत.

मोबाइलवरचा फोटो दाखवून "हुबेहूब असंच" सांगणारं गिऱ्हाईक आता रोजचं झालं आहे. ब्लाऊजपुरतं ठीक आहे. पण विक्रीची वस्तू दुसऱ्याच्या फोटोवरून उचलली, की तशीच वस्तू करणारे आणखी पन्नास जण बाजारात असतात आणि मग भांडण फक्त स्वस्त कोण देतं याचं उरतं. तुमच्या भागातली वाकळ, तुमच्याकडच्या जुन्या लुगड्यांचे काठ, टाक्यांची तुमची चाल, हे दुसऱ्या कुणाकडे नाही.

हेच ओळखून कच्छमध्ये 2005 साली कलारक्षा विद्यालय सुरू झालं. कारागिरांनाच डिझाइन शिकवणारी शाळा. भरतकाम करणाऱ्या बायका तिथे आल्या. टाका कसा घालायचा ते त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्या शिकल्या रंगांचा मेळ, बाजार ओळखणं, काम सफाईनं पुरं करणं आणि ते चार लोकांसमोर मांडणं. बायका वर्षभर घर सोडून राहू शकत नाहीत, म्हणून वर्ग साधारण दोन-दोन आठवड्यांचे ठेवले आणि मधल्या काळात घरी करायचं काम दिलं. तोवर या बायका दुसऱ्यानं आखून दिलेल्या कापडावर टाके भरत होत्या. ठरवणं शिकता येतं, आणि ते टाके घालण्याइतकंच सरावाचं आहे, याचा हा पुरावा. आपल्या वस्तूवर चिठ्ठी लावून गटाचं आणि करणारीचं नाव लिहायला तर शाळाही लागत नाही. जयपूरच्या शर्मांची आठवण ठेवा.

आणि एक गोष्ट वयाची. पन्नाशीनंतर सुईत दोरा ओवायला नात लागते, पाठ धरते, पायमशीननं गुडघे दुखतात. जी बाई फक्त नगावर शिवते, तिची कमाई नजरेबरोबर कमी होत जाते. जी बेतते, नमुना ठरवते, दर काढते, नव्या मुलींचं काम तपासते, तिला त्याच वयात जास्त किंमत येते. अथैया सत्तरी ओलांडल्या होत्या तेव्हा 'लगान' आला, आणि 2002 मध्ये त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चंपानेरच्या दुष्काळी गावातले ते सगळे कपडे त्यांनी स्वतः मशीनवर बसून शिवले नव्हते. म्हणून गटातल्या चाळिशीच्या आतल्या जणींना आमचं सांगणं आहे, कात्री आणि वही आत्ताच हातात घ्या. आणि ज्या मोठ्या आहेत, त्यांना मशीनवरून उठवून बेतायच्या फळीपाशी बसवा, त्यांच्या बेतण्याची मजुरी हिशेबात वेगळी लिहा. मावशी नुसत्या बसून असतात, असं कुणी म्हणायला नको.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपण विकत असलेली एक वस्तू आणायची आहे. ती मधोमध ठेवा आणि लोट्याला विचारलेले प्रश्न तिला विचारा. कोण वापरणार, कशी उचलणार, कशी धुणार, कधी फाटणार. उत्तरं वहीत लिहा. पुढच्या भागात आपण फर्मे कापण्याबद्दल आणि मापाची वही कशी आखायची याबद्दल बोलू. येताना जुना पुठ्ठा, टेप आणि खडू जवळ ठेवा.